मधलीची नोंद

४ फेब्रुवारी

ताईस धाकट्याचा नमस्कार.

तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे आधी सगळ्या गल्लीला सांगायचं, मग तुला. कानातलं ते यंत्र एकदा दुकानदाराला दाखव. तोवर पत्रावर भागव.

पालिकेने पाण्याची नवी टाकी बांधायला घेतली आहे. पंप दुरुस्त करून पोट भरणाऱ्याने टाकीला नावं ठेवू नयेत, आणि गावाला पाणी हवंच आहे. मागच्या उन्हाळ्यात नळाला नुसती हवा यायची. पण टाकीसाठी जागा निवडली आहे ती जुन्या दफनभूमीची. चौकात नोटीस लागली आहे. ज्या कबरीची पालिकेच्या दप्तरी नोंद आहे ती नव्या दफनभूमीत हलवणार, वर नावाचा दगड, खर्च पालिकेचा. अर्ज एप्रिलअखेरपर्यंत द्यायचे. ज्यांची नोंद नाही त्या सगळ्यांना एका खड्ड्यात ठेवणार आणि वर एकच कोरा दगड.

मी जेवताना हे सहज सांगितलं. आईने हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाली, "आपली मधली तिथे आहे."

आपल्या दोघांच्या मध्ये एक मुलगी होऊन गेली एवढं मला माहीत होतं. पण तिला घरात कुणी काही म्हणतं, हे मला या वयात कळलं. आई मला दर आठवड्याला स्कूटरवरून तिथल्या फाटकाशी सोडायला लावते. मला आपलं वाटायचं, म्हातारीला तिथली सावली आवडते. ती आत बसायची आणि मी बाहेर गिऱ्हाइकांचे फोन घेत उभा राहायचो.

आईला मधली नव्या दफनभूमीत बाबांच्या शेजारी हवी आहे, स्वतःच्या नावाच्या दगडाखाली. दुसरं काही मागत नाही. बाबांच्या कागदांची पेटी तुझ्याकडे आहे. तिच्या जन्माचा, मृत्यूचा, एखादा कपटा तरी सापडतो का बघ.

तुझा
धाकटा

१६ फेब्रुवारी

धाकट्या, आशीर्वाद.

यंत्र ठीक आहे, कान गेले आहेत.

पेटी पाहिली. बाबांनी विजेची बिलंसुद्धा सालवार बांधून ठेवली आहेत. तुझं पहिलीचं प्रगतिपुस्तक आहे, त्यात बाईंनी "खोडकर पण प्रेमळ" असं लिहिलंय, त्यातलं पहिलं अजून खरं आहे. मधलीचं काही नाही.

आणि असणार कसं? ते बाळ गेलेलंच जन्माला आलं. आपल्याला दोघांनाही हेच सांगितलेलं आहे. आई नव्वदीला टेकली. तिची समजूत घालायची सोडून तू पालिकेचे उंबरे झिजवायला कशाला निघालास? या गोष्टी उकरून कुणाचं भलं झालंय?

मला यायला जमणार नाही. शाळांचे गणवेश आतापासून शिवायला घेतले नाहीत तर जूनमध्ये आया माझ्या दुकानात मुक्कामाला येतात. शिलाईच्या दोन मुली नव्या आहेत, त्यांच्यावर सोडून हलता येत नाही.

एक विचारते, रागावू नकोस. बाबांच्या एका बाजूची जागा आईसाठी राखलेली आहे. दुसऱ्या बाजूची तुला हवी आहे आणि ती मधलीच्या नावावर अडवून ठेवतोयस, असं तर नाही ना? असेल तर सरळ सांग. माझी काही हरकत नाही, मला तिथे यायचंच नाही.

ताई

२ मार्च

ताईस नमस्कार.

जागा अडवून ठेवायला मला अजून मरायची घाई झालेली नाही. तुझं पत्र वाचून असा राग आला होता की लिहिलं असतं तर तुझ्यासारखंच लिहिलं असतं. म्हणून थांबलो.

पालिकेत जाऊन आलो. नोंदणीची खिडकी मंगळवारी आणि शुक्रवारी उघडते. खिडकीच्या आत ज्या बाई बसतात त्यांना सगळं गाव शिक्काबाई म्हणतं, त्यांच्या तोंडावरसुद्धा. खोलीभर दोरीने बांधलेले गठ्ठे, ओल आलेली भिंत, आणि एक टेबलपंखा, तो शिक्काबाईंकडे तोंड करून. आपण बाकावर घाम पुसत बसायचं. त्या वाईट नाहीत, पण नियमाच्या बाहेर एक पाऊल टाकणार नाहीत. मधलीचं साल सांगितल्यावर त्यांनी स्वतः स्टुलावर चढून गठ्ठा काढला आणि माझ्यासमोर पान न् पान उलटलं. नाही सापडली.

मग त्यांनी कारण सांगितलं. त्या काळी गावात एकच नर्सबाई होत्या. बाळंतपणं त्याच करायच्या आणि महिनाअखेरीला पालिकेत जाऊन सगळ्या जन्मांची एकदम नोंद करायच्या. जे बाळ महिनाअखेरपर्यंत टिकलं नाही, ते त्या लिहायच्याच नाहीत. आधी जन्माचा दाखला, मग मृत्यूचा, घरात दुःख असताना आईबापांना दोन खेटे कशाला, असा त्यांचा विचार. चांगल्या मनाने केलं असेल. पण अशी किती मुलं कागदावर कधी आलीच नाहीत, ते शिक्काबाईंनाही सांगता येत नाही.

घरी आलो तर आई दारातच उभी. "मिळाली का?" म्हणाली. ताई, तिचं तोंड बघून मी "मिळाली" म्हणून बसलो. आता पुढे काय करायचं ते सुचत नाही.

धाकटा

११ मार्च

धाकट्या,

शाबास. आईला खोटं सांगितलंस, ते पण कागदाच्या बाबतीत. ज्या बाईने बाबांच्या पगाराची पावती स्वतः वाचल्याशिवाय कधी पेटीत ठेवू दिली नाही, ती उद्या तुझ्याकडे दाखला मागणार नाही असं तुला वाटलं?

जा आणि खरं सांग. नोंद नव्हती, होणार नाही, बाळ गेलेलंच आलं होतं, आणि कोरा दगड तर कोरा दगड, त्याच्याखाली ती एकटी नसेल. जमत नसेल तर हे पत्र तिला वाचायला दे. माझ्याकडून ऐकलेलं वाईट तिला नवीन नाही.

ताई

२५ मार्च

ताईस नमस्कार.

तुझं पत्र यायच्या आधीच जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मी एका विहिरीवर पंप उतरवायला गेलो होतो. आई काठी घेऊन निघाली आणि एकटी पालिकेत जाऊन बसली. तो दिवस खिडकी उघडायचा नव्हता. शिपायाने सांगितलं तर म्हणाली, "बसते, घाई नाही." शेवटी शिक्काबाईंनी आतून येऊन विचारपूस केली. आई म्हणाली, "माझ्या मुलीची नोंद मिळालीय, त्याची नक्कल द्या." मग सगळंच बाहेर आलं. मी पोचलो तेव्हा बाकावर आई आणि तिच्या शेजारी शिक्काबाई बसल्या होत्या. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घरी आल्यावरही माझ्याशी बोलत नाही. हिच्याशी बोलते, आणि मला काही सांगायचं असेल तर माझ्यासमोर हिला सांगते. साठीला आलेला माणूस मी, मला जेवण जात नाही.

आता कामाचं. शिक्काबाई म्हणतात, उशिराची नोंद करता येते. नर्सबाईंच्या सवयीमुळे पूर्वीही तशा दोन-चार केल्या आहेत. पण बाळ जिवंत जन्मलं होतं असं कुणीतरी शपथेवर सांगायला हवं. जिवंत जन्मलं असेल तर जन्माची नोंद होते, मृत्यूची होते, नाव चढतं आणि दगड मिळतो. गेलेलंच आलं असेल तर त्यातलं काहीच नाही. त्यांनी तिथेच आईला विचारलं, "आजी, बाळ जन्मलं तेव्हा जिवंत होतं का? तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

आणि आई म्हणाली, "मला सांगता येत नाही."

ताई, मी तिला हात जोडले. नुसतं हो म्हणायचं होतं. तिच्याशिवाय कुणाला माहीत असणार? पण ती मान हलवत राहिली आणि म्हणाली, "मी शपथेवर खोटं लिहून देणार नाही." एवढे दिवस त्या मुलीसाठी जीव टाकते आणि ऐन वेळी हे. तिच्या डोक्यात आता सगळी सरमिसळ होत असावी, असं मी धरून चाललो आहे.

बाबा नाहीत, नर्सबाई नाहीत, त्या वेळी घरात असलेल्या शेजारच्या काकू केव्हाच गेल्या. राहिलीस तू. तू तेव्हा सात वर्षांची होतीस. घरात होतीस का? काही आठवतं का? नसेल आठवत तर तसं लिही, म्हणजे मी नाद सोडतो.

धाकटा

६ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र बरेच दिवस शिलाई मशीनच्या खणात पडून होतं. रोज काढायचे, वाचायचे आणि परत ठेवायचे.

हो, मी घरात होते. आणि आजवर मी तुला जे लिहिलं ते मला सांगितलेलं होतं, मी ऐकलेलं नव्हे.

बाबा नर्सबाईंना आणायला गेले होते. खोलीत आई आणि काकू. मला स्वयंपाकघरात बसवलं होतं, पातेल्यातलं पाणी उकळलं की हाक मारायची म्हणून. मधलं दार लावलेलं होतं. पाण्याला नुकते बुडबुडे यायला लागले आणि बाळ रडलं. थांबलं, आणि परत एकदा रडलं. मला इतका आनंद झाला की मी पाण्याचं विसरूनच गेले. मग काहीच ऐकू आलं नाही. बाबा नर्सबाईंना घेऊन आले तोवर सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आईच्या उशाशी गेले आणि म्हणाले, "आई, बाळ रडलं होतं ना? मी ऐकलं." तिने तोंड भिंतीकडे वळवलं. म्हणाली, "तू काही ऐकलं नाहीस. पुन्हा तोंडातून काढू नकोस." अशा आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

मी पुन्हा काढलं नाही. तेच नव्हे, त्यानंतर मनातलं असं तिला काहीच सांगितलं नाही. शाळेतलं नाही, सासरचं नाही, मला दुसऱ्या वेळी दिवस गेले तेही तिला बाहेरून कळलं. तुम्ही सगळे म्हणता ताई कोरडी आहे. असेन. आईला सगळं माहीत होतं आणि तरी तिने मला खोटं पाडलं, हे माझ्या मनातून कधी गेलं नाही. मधे काही वर्षं मलाच शंका यायची की ते रडणं नव्हतंच, पातेल्याचा आवाज असेल. मग माझी मुलं झाली. नुकत्या जन्मलेल्या बाळाचं रडणं दुसऱ्या कशासारखं नसतं रे. ते मी ऐकलं होतं.

इथल्या अधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापत्र केलं आहे, सोबत पाठवते. एकच विनंती आहे. खिडकीत दे, पोच घे आणि आईसमोर ते उघडू नकोस. ती माझ्याशी खोटं बोलली हे या वयात तिच्या तोंडासमोर धरून मला काय मिळणार आहे? आता माझा राग नाही म्हणणार नाही मी, आहे. पण तो तिच्यापर्यंत पोचायला नको. मधलीला दगड मिळू दे, बस.

ताई

२३ एप्रिल

ताईस नमस्कार.

तुझी विनंती मला पाळता आली नाही. कशी ते सांगतो, मग काय बोलायचं ते बोल.

अर्जावर आईची सही लागते म्हणून तिला घेऊन गेलो. तुझं पाकीट मी खिडकीतून आत सरकवलं. शिक्काबाईंनी ते उघडलं, चष्मा लावला आणि घसा साफ केला. या खिडकीची एक जुनी पद्धत आहे, गावात वाचता येणारी माणसं थोडी होती तेव्हापासूनची. कुणाचाही जबाब घरच्यांसमोर मोठ्याने वाचल्याशिवाय त्यावर शिक्का उठत नाही. मी म्हणालो, "बाई, आईला सगळं माहीत आहे, नका वाचू." त्या म्हणाल्या, "भाऊ, मग शिक्कापण नको ना?"

त्यांनी वाचायला सुरुवात केली. पाणीपट्टीची थकबाकी वाचावी तशा आवाजात वाचतात त्या. तुझं नाव, वय, पत्ता, धंदा. आई आपली पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मग आलं, "सदर बालिका जन्मल्यानंतर दोन वेळा रडली. तिचे रडणे मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे."

आईने विचारलं, "कुणी लिहिलंय हे?"

"तुमच्या थोरल्या मुलीने, आजी."

"परत वाचा."

शिक्काबाईंनी परत वाचलं, या वेळी जरा हळू. आई उठून खिडकीपाशी गेली आणि दोन्ही हातांनी चौकट धरून उभी राहिली. "रडली होती," म्हणाली. आम्हाला नव्हे, तशीच, स्वतःशी. पुन्हा म्हणाली, "म्हणजे रडली होती." मग तिच्या डोळ्यांतून जे पाणी यायला लागलं ते थांबेना. शिक्काबाईंनी आपला पंखा आईकडे वळवला.

ताई, तिला माहीत नव्हतं. तुला वाटतं तसं काही नाही. "मला सांगता येत नाही" असं ती म्हणाली ते अगदी खरं होतं, आणि मी तिला भ्रम झालाय असं धरून बसलो होतो. आपण दोघंही चुकलो. बाकीचं ती तुला स्वतः लिहिणार आहे. मी लिहून देतो म्हणालो तर म्हणाली, "तू नको, तू मधेच आपलं घालशील." म्हणजे बोलायला लागली माझ्याशी.

नोंद झाली. नावाच्या रकान्यापाशी शिक्काबाई थांबल्या. आई म्हणाली, "मधली." त्या म्हणाल्या, "आजी, हे काही नाव नव्हे." आई म्हणाली, "मी एवढी वर्षं याच नावाने तिच्याशी बोलते." शिक्काबाईंनी क्षणभर विचार केला आणि तेच लिहिलं.

हलवायचं काम मे महिन्यात आहे. इतक्या लहान जिवाचं आता काही हाती लागेलच असं नाही, हे शिक्काबाईंनी आईला स्पष्ट सांगितलं. काही नाही मिळालं तर तिथली माती उचलून बाबांच्या शेजारी ठेवतील. आई म्हणाली चालेल.

धाकटा

२४ एप्रिल

थोरलीस आईचा आशीर्वाद.

हात कापतो, अक्षर लावून घे.

मी त्या दिवशी धड शुद्धीत नव्हते. कुठून तरी रडणं ऐकल्यासारखं वाटलं म्हणून काकूंना विचारलं, रडली का हो? त्या म्हणाल्या, नाही, गेलेलीच आली, मनात काही आणू नका. नर्सबाई आल्या, त्यांनीही तेच सांगितलं. माझं दुःख कमी व्हावं म्हणूनच बोलल्या असतील. आता त्यांना बोल लावून काय उपयोग.

मग तू येऊन म्हणालीस, बाळ रडलं. मला वाटलं, माझं डोकं फिरलंय आणि माझं बघून पोरगीही तसंच बोलायला लागली. फार घाबरले मी. म्हणून तुला गप्प केलं. तुला खोटी ठरवायला नाही गं. पण तू तेव्हापासून माझ्याजवळ यायची बंद झालीस. ते मला दिसत होतं आणि कारण कळत नव्हतं. एक मुलगी गेली आणि दुसरी घरात असून लांब गेली.

तिच्यापाशी जाऊन बसायचे ना, तेव्हा मी तिला एवढंच विचारायचे, तू आली होतीस का. सगळे म्हणायचे आलीच नाही. जी आलीच नाही तिच्यासाठी आई रडते, असं लोकांनी म्हणू नये म्हणून मी कुणाजवळ बोलले नाही. तुझ्या बाबांजवळसुद्धा नाही.

धाकटा म्हणतो तू कामात आहेस. काम उरकलं की ये. दगड बसेपर्यंत थांबू नकोस, त्याआधी ये. माझ्याजवळ बस आणि ती कशी रडली ते सांग. बारीक रडली की मोठ्याने, मधे किती थांबली, परत रडली तेव्हा कशी. ज्या दारापलीकडून तू ऐकलंस तिथलं सगळं मला सांग. या वेळी मी तुला गप्प करणार नाही.

आई